वाघमाऱ्याचा रोवणा

आमच्या गावात वाघ मारलेला माणूस एकच होता, आणि त्याने वाघ मारला नव्हता.

ते माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले चुलतभाऊ, दुधराम. सुनेने भासऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. पण आता माझं वय झालं, मला टोकणारं गावात कोणी उरलेलं नाही, आणि नाव न घेता सांगायला बसले तर 'ते', 'हे', 'तिकडचे' असं करता करता तुम्हीच कंटाळून उठाल. म्हणून घेते नाव. दुधराम.

घडलं म्हणून आम्हाला तेव्हा माहीत होतं ते एवढंच. एका उन्हाळ्यात ते देवरीकडच्या जंगलात बांबू आणायला गेले. नाल्याच्या उतारावर त्यांच्या बैलावर जनावर आलं. ह्यांच्या हातात कुऱ्हाड होती, ती ह्यांनी फिरवली. जनावराने ह्यांच्या खांद्यावर एक पंजा मारला. मग दोघांनाही एकमेकांचा कंटाळा आला असावा. बैल वाचला आणि खांद्यावर चार वण राहिले. हे काही कमी नाही, मला कबूल आहे. मी असते तर बैल तिथेच, कुऱ्हाड तिथेच, आणि लुगडं सावरत थेट गावात. पण राईचा पर्वत करायला आमच्या गावाइतकं हौशी गाव मी दुसरं पाहिलं नाही. पहिल्या साली ते जनावर बिबट्या होतं. दुसऱ्या साली त्याचा वाघ झाला. तिसऱ्या साली वाघासोबत वाघीण आली. पिल्लं तेवढी यायची राहिली होती.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. लोकांना तेव्हा नवं धान्य आणि रिकामा वेळ, दोन्ही असतं. त्या मंडईत मालगुजाराने, म्हणजे गावच्या जमीनदाराने, दुधराम भासऱ्यांना शेला-पागोटं दिलं आणि आपल्या शेजारी बसवलं. तेव्हापासून दर मंडईला त्यांची जागा तीच, आणि नाव पडलं वाघमाऱ्या. बकाराम म्हणून त्यांचा एक मित्र होता. गोष्ट चालू असताना हुंकार द्यायचं काम त्याच्याकडे. वाघ कुठे कमी पडला तर तो आपल्या पदरचा घालायचा.

मी कुडव्याची, चौथी पास, आणि तोंडाने सैल. लग्न होऊन इथे अर्जुनी मोरगावकडे आले तर सासूने पहिल्याच दिवशी सांगितलं, भासऱ्यासमोर बोलायचं नाही, हसायचं नाही, पदर नाकापर्यंत. त्यामुळे ती वाघाची गोष्ट मी छप्पन वेळा पदराआडून ऐकली आणि एकदाही "मागच्या खेपेला तर वाघीण नव्हती" असं म्हणू शकले नाही. माझ्यासारखीला ही किती मोठी शिक्षा, ते माझ्या माहेरच्यांना विचारा.

वच्छलाबाई ही त्यांची बायको, माझी जाऊ. तिच्याबद्दल कोणी गोष्टी सांगत नसे. पण ती हसायची, अहो, काय हसायची! हसू आलं की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागे. आमचं घर तिच्या घराला पाठीला पाठ लावून होतं. तिकडे ती हसली की इकडे मला कारण माहीत नसताना हसू येई.

रोवणा म्हणजे धानाची लावणी. पुरुषांनी नांगरून बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, चिखल करायचा, पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या आणून टाकायच्या आणि धुऱ्यावर, बांधावर, बसून तंबाखू मळायचा. उरलेलं सगळं बायांनी करायचं. चिखलात वाकून, एकेक रोप लावत, मागे मागे सरकत, उजाडल्यापासून मावळेपर्यंत. एका साली रोवण्याला वच्छलाबाईला सातवा महिना होता, तरी ती सगळा रोवणा वाकली. शेवटच्या दिवशी बांधीतच तिच्या पोटात दुखू लागलं. संध्याकाळी बाळ झालं. ते रडलं नाही.

आम्ही दोघीतिघी तिथे होतो. दुधराम भासरे मालगुजाराच्या ओसरीवर होते, कारण मालगुजाराकडे पाहुणे आले होते आणि पाहुण्यांना वाघ ऐकायचा होता. त्यांना कोणी बोलवायला गेलं तेव्हा वाघ नुकता नाल्यात उतरला होता. आता यात त्यांची काय चूक? काही नाही. तरी मला राग आला तो आला. तो मी पदराआड ठेवला, तिथे बरंच काही ठेवलेलं असे.

वच्छलाबाई पुढे उठली, कामाला लागली, विचारलं तर बोलू लागली. फक्त हसायची थांबली. पलीकडून आता भांड्यांचा तेवढा आवाज येई. एकदा भासऱ्यांनी तिला खुलवायला तिच्यापुढे वाघाची गोष्ट काढली. चांगली रंगवली, मी भिंतीपलीकडून ऐकत होते. वाघ झेप घेणार तेवढ्यात ती म्हणाली, "भात वाढू का?"

त्यानंतर त्या घरात वाघ आला नाही.

दुसऱ्या साली, म्हणजे जंगल सत्याग्रह होऊन गेला त्याच्या पुढच्या पावसाळ्यात, वच्छलाबाईला पुन्हा दिवस होते. रोवण्याला पुन्हा सातवाच महिना लागला. देवाला दुसरा हिशोब येत नसावा.

आमच्या बायांच्या ओळीची मुखत्यार होती धुरपताबाई. गावची सुईणही तीच. तिने वच्छलाबाईचं पोट पाहून बजावलं होतं, यंदा चिखलात वाकायचं नाही. पण ओळीचा एक कायदा होता आणि तोही धुरपताबाईच राखायची. हाताला हात. ज्या घरची बाई दुसऱ्यांच्या बांधीत रोवायला आली, त्याच घरच्या बांधीत बाकीच्या बाया जाणार. दुधराम भासऱ्यांच्या घरी वच्छलाबाई सोडून दुसरी बाई नव्हती. यंदा त्या घरचे हात ओळीत आले नाहीत, तेव्हा ओळ त्या घरी जाणार नव्हती. आणि बाहेरगावच्या बाया मालगुजाराने आधीच आपल्या शेतांसाठी बांधून घेतल्या होत्या.

त्यातच श्रावणात पावसाने ओढ दिली. मालगुजाराचा तलाव उघडला, पाण्याच्या पाळ्या लागल्या. भासऱ्यांच्या बांधीची पाळी आली. पाणी आहे तोवर रोवणा झाला तर झाला, नाही तर पऱ्हे पिवळे पडून वर्षाचा भात गेला.

त्या संध्याकाळी मी भिंतीला कान लावला नव्हता. कान आपोआप लागला.

"मी जातो उद्या रोवाले," वच्छलाबाई म्हणाली.

"तू कायले जातेस?"

"मंग कोन जाते? तुमचा वाघ?"

यावर पूर्वी ती स्वतःच पोट धरून हसली असती. आता नाही. मग भासऱ्यांच्या वहाणा करकरल्या आणि ते बाहेर पडले.

ते आले धुरपताबाईकडे. हे मला माहीत, कारण मीही मागच्या दाराने तिच्याकडेच अंबाडीची भाजी निवडायला गेले होते. त्यांना पाहिल्यावर मी पदर ओढला आणि भाजीत तोंड घातलं.

"मावशी, वच्छलाले यंदा वाकाले होत नाई," ते म्हणाले.

"मलेच सांगून राहिला का? यंदा थे चिखलात उतरली त मले बोलवाले येजो नको. म्या पाहिलं मागच्या साली, पुन्हा नाई पाहात."

"म्हनून त आलो. बाया पाठव ना माह्या बांधीत."

"तुह्या घरून कोनाचे हात आले? हात देल्ला त हात भेटते. आज तुले सोडलं त उद्या साऱ्या जनी पोट धरून घरी बसतीन, मंग गावाचं धान कोन रोवते? मालगुजार?"

"मंग म्या काय करू?"

"तुले हात नाईत का गा?" धुरपताबाईने त्यांच्या हातांकडे बोट दाखवलं. "याच हातानं वाघ हाकलला ना?"

"मानसानं रोवलं त धान पळंज होते, मावशी." पळंज म्हणजे वरून लोंबी आणि आत दाणा नाही. पुरुषाने रोवलं की धान तसंच होतं, ही आमच्याकडची पक्की समजूत.

"कोनं सांगतलं?"

"सारेच सांगतेत."

"सारे म्हंजे कोन? मानसंच ना?"

मला भाजीत खोकला आला. भासरे अगदी बारीक आवाजात म्हणाले, "लोकं हासतीन, मावशी."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं सरळ वाक्य.

"हासतीन," धुरपताबाई म्हणाली. "आन् मीबी हासन. हासू काऊन नाई? तू दिसशीलच तसा."

ते उठून गेले. मला, खरं सांगते, त्यांची दया आली. वाघाचं एक बरं असतं. तो पाहतो, गुरगुरतो आणि जातो. तो मंडईत येऊन सांगत नाही की दुधराम कसा पळाला. गाव सांगतं. चार पिढ्या सांगतं.

दुसऱ्या दिवशी आमची ओळ माझ्या नवऱ्याच्या, म्हणजे नंदलालच्या बांधीत होती. भासऱ्यांची बांधी तिला लागूनच, मध्ये एक धुरा. सकाळी तिथे कोणी नव्हतं. दुपारी आम्ही पेज प्यायला पलीकडच्या मोहाच्या झाडाखाली बसलो, तेव्हा ते आले. चोरासारखं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, धोतर वर खोचलं आणि उतरले. सगळे जेवतील तेवढ्या वेळात बांधी उरकून टाकू, असा त्यांचा अंदाज असावा. ज्याने रोवणा फक्त धुऱ्यावर बसून पाहिला, त्याचेच अंदाज असे असतात.

आम्ही परत आलो तेव्हा ते पाठमोरे होते. पेंढी त्यांनी काखेत धरली होती, जणू कोणी हिसकावून नेईल. बाया तीनचार काड्या एका जागी लावतात, ते मूठभर लावत होते. निम्मे पऱ्हे इतके खोल खुपसलेले की शेंडा शोधावा लागे. निम्मे पाण्यावर तरंगत होते. आणि मुख्य म्हणजे ते पुढे पुढे चालले होते. रोवणारी बाई मागे सरकते, लावलेलं समोर राहतं. पण वाघापुढून मागे सरलो नाही असं ज्याने इतकी वर्षं सांगितलं, तो चिखलात कसा मागे सरेल? पुढे रोवायचं आणि आपणच तुडवायचं, असा त्यांचा वीरोचित रोवणा चालला होता.

आता आमची पंचाईत ऐका. ओळीत आम्ही पाच जणी त्यांच्या भावसुना. दोन्ही हात चिखलाने माखलेले आणि भासरे शेजारच्या बांधीत, तेही वाकलेले! अशा वेळी काय करायचं हे कोणाच्याच सासूने शिकवलेलं नव्हतं, कारण असं काही होईल हे कोणत्याच सासूच्या डोक्यात आलं नव्हतं. पुष्पाबाईने घाईने पदर ओढला आणि नाकापासून हनुवटीपर्यंत चिखल फासून घेतला. मंदाबाईने सरळ पाठ फिरवली आणि ती ओळीत उलटीकडून रोवू लागली, तिच्यामाझ्यात टक्कर झाली. हसता तर येत नव्हतं. सगळ्यांचं हसू नाकातून बाहेर पडत होतं.

धुरपताबाईला असली काही अडचण नव्हती. रोवताना गाणं तीच उचलायची. तिने कंबर सरळ केली आणि उचललं,

"वाघमाऱ्या आला वो बाई, रोवाले आला,
हातानं रोवला त्यानं, पायानं नेला!"

मागून आम्ही धरायचं असतं. आम्ही खाली माना घालून धरलं. गाणं म्हणणं म्हणजे काही हसणं नव्हे.

गाणं ऐकून धुऱ्यावर माणसं जमली. सर्वांत पुढे बकाराम. इतकी वर्षं नुसते हुंकार देऊन त्याच्याही घशात बरंच साठलं असेल.

"काऊन गा, दुधराम! वाघ चिखलात लपला का?" तो ओरडला. "का घरून लुगडं आनू तुले?"

माणसं खो खो हसली. "मंडईत आता मालगुजारापाशी नाई," मागून कोणीतरी म्हणालं, "बायांत बसाव लागते तुले!"

भासरे सरळ उभे राहिले. कान लाल झाले होते. त्यांनी पेंढी धुऱ्यावर ठेवली, धोतराला हात पुसले. मला वाटलं, झालं, निघाले. आणि सांगते, त्या घडीला मला गावाचा राग आला, आणि सगळ्यांत जास्त माझ्या नाकातल्या हसण्याचा.

तेवढ्यात गावाकडच्या पायवाटेवर वच्छलाबाई दिसली. घरचा माणूस बांधीत उतरला आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. घरची कामं उरकून ती आपली रोवायला निघाली होती. काष्टा वर खोचलेला, एक हात पोटाखाली, तोंड दगडासारखं. हळूहळू, पण येत होती.

भासऱ्यांनी तिला पाहिलं. मग बकारामकडे पाहिलं.

"त्या जनावरापुढून म्या पळालो होतो, बकाराम," ते म्हणाले. मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बैल थांबला, मी पळालो. आज नाई पळत. हासा, किती हासाचं तेवढं हासा."

धुऱ्यावरून बकाराम सवयीने हुंकार देऊन बसला.

"मावशी," भासरे म्हणाले, "सांग बरं कसं रोवाचं."

"मागं सर गा, मागं!" धुरपताबाई म्हणाली. "पेंढी डाव्या हातात धर. तीन काड्या घे, मुळाशी बोट लाव, आन् मागं सर. पुढं जाऊन कोनाचं भलं झालं?"

त्यांनी पेंढी पुन्हा उचलली आणि वाकले.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण गोष्ट ताणणाऱ्यांचा मला मनापासून कंटाळा आहे, का ते तुम्हाला कळलंच असेल. ती बांधी त्यांनीच रोवली, दोन दिवस लागले, आणि नंतर आठवडाभर त्यांना खाटेवरून उठताना बैलासारखं ओरडावं लागलं. दिवाळीच्या आधी वच्छलाबाईला मुलगी झाली. शामकला. जन्मली तीच अशी बोंबलली की मी भिंतीपलीकडून हात जोडले. आणि त्या बांधीत पळंज आलं नाही. ओळी वाकड्यातिकड्या होत्या, पण धानाला त्याचं काय? मला जे सांगायचंय ते त्या दुपारचंच आहे आणि ते अजून व्हायचंय.

वच्छलाबाई धुऱ्यापाशी आली आणि थबकली. बांधीत आपला माणूस वाकलेला आहे, हे तिच्या डोळ्यांना खरं वाटेना. भासऱ्यांनी वर पाहिलं नाही. तीन काड्या, बोट, मागे. तीन काड्या, बोट, मागे. चार पावलं बरी गेली. पाचव्याला टाच कशात तरी रुतली, दोन्ही हात आभाळाकडे गेले आणि वाघमाऱ्या दुधराम धपकन चिखलात बसले. काखेतून सुटलेली पेंढी वर उडाली आणि नेमकी त्यांच्या डोक्यावर पडली. मुंडावळ्या बांधाव्यात तसे पऱ्हे दोन्ही कानांवर लोंबू लागले.

मग कसलं भासऱ्यासमोर हसायचं नाही! माणसं हसली, धुरपताबाई हसली, आम्ही पाची जणी पदर सोडून हसलो.

आणि त्या सगळ्या हसण्यात आणखी एक हसू मिसळलं. मला ते आधी ओळखूच आलं नाही, इतके दिवस झाले होते. वच्छलाबाई हसत होती. भिंत नव्हती म्हणून ती धुऱ्यावर बसली, दोन्ही हातांनी पोट सांभाळलं, आणि हसत राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यातलं हसण्याचं किती आणि दुसरं किती, ते मी सांगू शकत नाही. एकेक करून आम्ही सगळे गप्प झालो आणि ती एकटीच हसत राहिली, मग थोडी थोडी शांत होऊ लागली.

भासरे चिखलात बसून तिच्याकडे पाहत होते. मिशीतून पाणी गळत होतं. ते उठले. पेंढी डाव्या हातात धरली, नीट. तीन काड्या लावल्या, मागे सरले. तीन काड्या लावल्या, मागे सरले. सगळं रीतसर, जणू त्यांनी जन्मभर हेच केलं.

एव्हाना मी पुन्हा पदर ओढला होता आणि सुनेने ठेवावी तशी नजर खाली ठेवली होती. म्हणून हे मला एकटीलाच दिसलं. त्यांचे दोन्ही पाय चिखलात पक्के रोवलेले होते. टाच कुठे अडकली नव्हती, घसरायला काही कारण नव्हतं. धुऱ्यावरचं हसू थांबत आलं होतं. त्यांनी एकदा तिकडे मान वळवली, आणि सगळ्या गावादेखत, आपणहून, पुन्हा धपकन पडले.